अप्पांचे बगळे

अप्पांना बगळ्यांचा नाच फोटोत धरायचा होता. कलेक्टर कचेरीतून पेन्शन घेतल्यावर माणसं काशीला जातात, नातवंडं खेळवतात, नाहीतर शेजाऱ्याशी भिंतीवरून कोर्टात भांडतात. अप्पांनी विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या कालवा-इंजिनियरकडून त्याचा जुना कॅमेरा घेतला. लाकडी पेटी, वर चामड्याचं नळकांडं. त्या नळकांड्यात डोळे खुपसून खाली पाहिलं की आतल्या काचेवर समोरचं सगळं दिसायचं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. आई त्याला 'ती पेटी' म्हणायची आणि शक्यतो तिच्याजवळून जायची नाही.

आमचं घर तंजावूरच्या किल्ल्याच्या आतल्या एका गल्लीत होतं. तिथलं मराठी राज्य खालसा झालं तेव्हा पणजोबा दरबारात होते. आजोबांच्या वाट्याला मोडी वाचायची विद्या आणि दरबाराच्या गोष्टी आल्या. अप्पांनी इंग्रजी शिकून सरकारी नोकरी धरली आणि सारा जन्म महसुलाच्या कामासाठी गावोगाव हिंडण्यात घालवला. तळ्यांच्या बांधावर तंबू ठोकून राहायचं, पीक पाहायचं, लिहून घ्यायचं. त्या हिंडण्यातच कुठेतरी त्यांनी बगळ्यांचा नाच पहिल्यांदा पाहिला. कुठे, केव्हा, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बोलणारा माणूसच नव्हे तो. एकदा एवढंच म्हणाले होते, "मडमांच्या टोप्यांवर बगळ्यांची पिसं सगळ्यांनी पाहिलीत. ती उघडतात कशी, ते कोणी पाहिलेलं नाही."

तिरुवैयारुच्या पुढे, कावेरीच्या एका फाट्यावर, आमची थोडी शेती होती आणि तिथे दोन खोल्यांचं कौलारू घर. घरामागे एक मोठं तळं. तळ्यात बाभळी. पावसाळ्यात पाणी चढलं की बाभळी कमरेपर्यंत बुडायच्या आणि त्यांच्यावर पांढरे बगळे घरटी बांधायला यायचे. आमच्याकडचा खरा पावसाळा दिवाळीच्या आसपास सुरू होतो, तेव्हाच त्यांचाही हंगाम. त्या वर्षी अप्पांनी सगळी तयारी केली होती. बांधाच्या टोकाला, बाभळींच्या अगदी जवळ, बांबूची माची बांधून घेतली, तिला झावळ्यांची भिंत केली. घराच्या कोठीच्या खोलीच्या सगळ्या फटी शेणमातीने बुजवून तिथे फोटोच्या काचा धुवायची सोय केली.

माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. नवरा कुंभकोणमच्या शाळेत गणित शिकवायचा. मी दिवाळीला माहेरी आले होते, आणि आई-अप्पा गावी होते म्हणून गावी आले. अप्पांच्या त्या कामात मला आधीपासून थोडी गती होती. लग्नाआधी तंजावूरच्या घरी त्यांच्यासोबत अंधाऱ्या खोलीत लाल कंदील धरून उभी राहायचे. काच औषधात कशी बुडवायची, केव्हा काढायची, हे पाहून पाहून आलं होतं. अप्पा शिकवायचे नाहीत, पण हाकलायचेही नाहीत.

बगळे आले. पहिले दोन-तीन दिवस अप्पा नुसते बांधावर जाऊन बसले, कॅमेरा न नेता. चौथ्या दिवशी जायचं ठरवलं होतं.

त्या दिवशी सकाळी अप्पा जेवायला बसले. आई रसम वाढत होती. आमच्या घरात बोलणं मराठीतच, पण पानावर वाढताना 'पुरे' म्हणायचं ते तमिळमध्ये. कोणत्या पिढीत तो शब्द घरात शिरला कोण जाणे. अप्पांनी पानावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "पोदुम."

आईने पळी मागे घेतली.

"पोदुम," अप्पा परत म्हणाले.

"थांबले की हो."

"पोदुम. पोदुम." त्यांचा उजवा हात पानावरून घसरून भातात पडला आणि तिथेच राहिला. त्यांनी आईकडे पाहिलं. ओठांचा एक कोपरा खाली आला होता. त्यांना काहीतरी वेगळंच सांगायचं होतं हे उघड दिसत होतं, आणि तोंडातून येत होतं तेवढंच. "पोदुम, पोदुम," आणि मग ते एका अंगावर कलंडले.

डॉक्टर तंजावूरहून जटक्यातून, म्हणजे घोडागाडीतून, आले, दुसऱ्या दिवशी. सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेले, अप्पांच्या ओळखीचे. त्यांनी पाय टोचून पाहिला, डोळ्यांत दिवा धरून पाहिलं. बाहेर ओट्यावर येऊन आईला म्हणाले, "उजवं अंग गेलंय. वाचा गेलीय. इथून हलवू नका, रस्त्यातच दुसरा झटका यायचा."

"पण ते बोलतात ना," आई म्हणाली. "एक शब्द बोलतात."

"ते बोलणं नव्हे, अम्मा. तो शब्द अडकून राहिलाय."

"त्यांना आपलं कळतं?"

डॉक्टरांनी छत्री उघडली, मिटली. "कळत असावं," ते म्हणाले.

त्यानंतर त्या घरात आम्ही तिघं आणि तो एक शब्द. अप्पांना तहान लागली की पोदुम. तहान नसली तरी पोदुम. पाठ दुखली, माशी बसली, ऊन तोंडावर आलं, पोदुम. आवाजाचा चढउतार मात्र बोलण्यासारखा पुरा असायचा. कधी विनवणी, कधी राग, कधी नुसती माहिती दिल्यासारखं. बाहेरून कोणी ऐकलं असतं तर वाटलं असतं घरात एक माणूस जेवायला बसलाय आणि दुसरा त्याला सारखा आग्रह करतोय. आईने त्या शब्दाचे अर्थ लावायला सुरुवात केली. "हा पाण्याचा," ती म्हणायची आणि तांब्या आणायची. अप्पा पाणी प्यायचे. पण ते जे देऊ ते प्यायचे, त्यामुळे तो पाण्याचाच होता की नाही हे कधीच कळायचं नाही.

आणि दिवसभर मागून बगळ्यांचा आवाज. दिसायला एवढा सुंदर पक्षी, पण आवाज घसा खरवडल्यासारखा. पहाटेपासून सुरू. अप्पांची खाट कूडमात, म्हणजे मोठ्या खोलीत, भिंतीला लागून होती. तिथून तळं दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. आवाज वाढला की अप्पा माझ्याकडे पाहायचे, मग कॅमेऱ्याच्या पेटीकडे, मग माझ्याकडे. "पोदुम."

"ते मला जा म्हणताहेत," मी आईला म्हटलं.

"कशावरून?"

"पेटीकडे पाहतात ना."

"ती पेटी डोळ्यांसमोरून हलव म्हणत असतील. जिच्या नादाने असं झालं."

"आई, तिच्या नादाने नाही झालं."

"मग कशाने झालं, सांग मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उचलली. आई पाठ फिरवून अप्पांचं तोंड पुसत राहिली. आमची जमीन कसणारा माणूस पेटी डोक्यावर घेऊन पुढे, मी मागे. नऊवारीचा कासोटा आवळून बांबूच्या शिडीवर चढले तेव्हा तो सभ्यपणे तोंड फिरवून तळ्याकडे पाहत होता. चढल्यावर खालून म्हणाला, "पडू नका, अम्मा. मला मोठ्या अम्मांना उत्तर द्यावं लागेल."

झावळ्यांच्या फटीतून मी पाहिलं.

बगळा आपण रोज पाहतो. म्हशीच्या मागे, नांगरामागे, चिखलात एका पायावर. त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. पण या मोठ्या बगळ्यांची एरवी पिवळी असलेली चोच काळी झाली होती आणि डोळ्यांपाशी कातडीला शेवाळासारखा हिरवा-निळा रंग चढला होता. पाठीवरून सुटलेली लांब पिसं शेपटीच्याही खाली लोंबत होती, इतकी बारीक की वारा नसताना हलत होती. माझ्या समोरच्या फांदीवर एक नर उभा होता. त्याने मान हळूहळू वर ताणली, चोच सरळ आभाळाकडे, आणि मग गुडघे मोडून खाली बसला, आणि बसता बसता ती सगळी पिसं उभी राहून पंख्यासारखी उघडली. थरथरली. पलीकडच्या फांदीवरून एक मादी नुसतं पाहत होती. पिसं मिटली. त्याने एक काटकी चोचीत धरून उगाच हलवली, आणि परत मान वर.

कॅमेरा मांडीवर तसाच.

मग मी काढायला लागले आणि मला कळलं की हे होणार नाही. आभाळ सारखं ढगाळलेलं. कॅमेऱ्यात काचेपुढून सरकणारा पडदा सावकाश सोडला तर पिसं हलतात आणि काचेवर धूर उमटतो. भरभर सोडला तर उजेड पुरत नाही, काच कोरी. बगळा पांढरा, मागचं आभाळ पांढरं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्या कॅमेऱ्याची रचनाच अशी, की कळ दाबली की आतला आरसा वर उडतो आणि समोरचं चित्र विझतं. ज्या क्षणाचा फोटो निघतो तो क्षण काढणाऱ्याला दिसतच नाही. आपण आधीचा क्षण पाहून दाबायचं आणि देवावर सोडायचं.

त्या दिवसाच्या काचांपैकी एक बरी निघाली. बरी म्हणजे बगळा आहे एवढं ओळखू येत होतं. कागदावर छाप घ्यायला ऊन लागतं, ते दुपारपर्यंत पडलंच नाही. संध्याकाळी ओला कागद तळहातांवर घेऊन मी अप्पांच्या खाटेपाशी स्टुलावर बसले.

"अप्पा, पाहा. मी गेले होते."

त्यांनी कागदाच्या दिशेने पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाले, "पोदुम," आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

आई दारात उभी होती. "पुरे म्हणाले," ती म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्यासारखं काही नव्हतं. असं जिंकणं तिलाही नकोच होतं.

मी रोज जात राहिले. रोज काहीतरी बिघडायचं. कधी पाऊस, कधी भिंगावर वाफ, कधी नेमक्या वेळी दोन घरट्यांची भांडणं. काचा वाळायच्या नाहीत, ओल्या थरावर चिलटं चिकटून बसायची आणि बगळ्याच्या छातीत काळे ठिपके पडायचे. माचीवर माशांचा आणि विष्ठेचा असा वास यायचा की घरी आल्यावर आई मला आधी विहिरीवर पाठवायची. संध्याकाळी मी अप्पांना कागद दाखवायचे. पोदुम, आणि भिंत.

मी विचारायच्या निरनिराळ्या तऱ्हा केल्या. "अप्पा, मी जावं असं असेल तर माझा हात दाबा." त्यांनी दाबला. "जाऊ नये असं असेल तर दाबा." परत दाबला, तितक्याच जोरात. "हो असेल तर डोळे मिटा," म्हटलं तर त्यांनी डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत, झोपले. एकदा डाव्या हातात पेन्सिल दिली. त्यांनी जीव एकवटून एक उभी रेघ काढली आणि वर तिला एक वाकडं वळण दिलं.

"मान," मी म्हटलं. "बगळ्याची मान आहे."

आईने कागद उलटा धरून पाहिला. "काठी मागताहेत. उठायचंय त्यांना."

आम्ही दोघींनी अप्पांकडे पाहिलं. त्यांच्या एका डोळ्यातून पाणी येत होतं. पण तो डोळा पुरता मिटत नव्हता, त्यातून सारखंच पाणी यायचं.

माझा नवरा मला न्यायला आला. स्टेशनवरून बैलगाडीने, पावसात भिजत. त्याने अप्पांच्या पायांना हात लावला आणि स्टुलावर बसून शाळेच्या गोष्टी सांगितल्या, जणू काही झालंच नाही. अप्पा मध्ये मध्ये पोदुम म्हणत होते आणि तो "हो, अगदी बरोबर" म्हणत होता. तेवढा वेळ घरात खरंच दोन माणसं गप्पा मारताहेत असं वाटलं. आई आत जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर माचीवर आला. दोघांना जागा पुरेना, म्हणून गुडघे पोटाशी घेऊन बसला. समोर एक जोडी होती, नर खाली वाकत होता, पिसं उघडत होता, आणि आता मादीही मान ताणत होती. मी कळ दाबली, काच बदलली, दाबली. परत येताना बांधावर थांबला.

"घरी माझी आई विचारतेय तू कधी येणार."

"तुम्ही सांगाल तेव्हा."

"मी सांगतो तिला, सासऱ्यांची तब्येत फार वाईट आहे, अजून राहावं लागेल." थोडं चालून परत थांबला. "बगळ्यांचं नाही सांगत."

"अप्पांना काय हवंय, तुम्हाला काय वाटतं?"

गणिताचा माणूस, काहीतरी युक्ती सांगेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "मला नाही कळत गं." आणि त्याच दिवशी परत गेला.

कार्तिक संपत आला तेव्हा एक दिवस अचानक कडक ऊन पडलं. वारा पूर्ण थांबला होता. इतका उकाडा, की झावळ्यांच्या आत माझ्या कपाळावरचा घाम कॅमेऱ्याच्या चामड्यावर टपटपत होता. पण उजेड असा, की पडदा जितका भरभर सोडता येईल तितका सोडला तरी चालेल. आणि समोर ती जोडी. दोघांनी एकदम माना वर केल्या, दोघांची पिसं एकदम उघडली, ऊन मागून येत होतं आणि एक-एक पीस वेगळं दिसत होतं. मी दाबलं. आरसा उडाला. मला आतून कळलं की हा आला.

मी घरी पळत आले म्हटलं तरी चालेल. कोठीची खोली लावून घेतली, लाल कंदील लावला. काच औषधात बुडवली आणि ती वर यायला लागली. आधी फांद्या, मग माना, मग ती पिसं. दोन पंखे, एकमेकांकडे कललेले, कडेची कुसळंसुद्धा स्पष्ट. काचेवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं, पण मला ते वाचता येत होतं. मी मोठ्याने "अप्पा!" अशी हाक मारली, त्या बंद खोलीतून.

मग धुवायला घेतली. पाणी विहिरीचंच होतं, ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यातलं. पण त्या दिवशी विहीरच तापली होती, आणि कोमट पाण्यात काचेवरचा थर सुटतो. काचेची एक कड आधी सुरकुतली. मी काच बाहेर काढली, तर तो सगळा थर, दुधावरची साय सरकावी तसा, माना, पिसं, फांद्या घेऊन सरकायला लागला. मी बोटाने धरायला गेले तर बोट त्यातून आरपार गेलं. तो घडी पडत खाली आला आणि पाण्यात गोळा होऊन राहिला. हातात स्वच्छ काच उरली.

मी दार उघडलं तेव्हा आई बाहेरच उभी होती. तिने माझे हात पाहिले. "काय झालं?" म्हणाली. त्या दिवशी अप्पांना दाखवायला काही नव्हतं, म्हणून मी नुसतीच त्यांच्याजवळ बसले.

तो उकाडा वादळाचा होता. दुसऱ्या दिवशी समुद्राकडून वारा आला आणि दोन दिवस थांबला नाही. कौलं उडाली, नारळी जमिनीला टेकल्या. आम्ही अप्पांची खाट कोठीच्या खोलीत ओढून नेली, कारण तिच्या फटी बुजवलेल्या होत्या. वाऱ्याच्या आवाजात बगळ्यांचं ओरडणं आधी वाढलं, मग तुटक झालं, मग ऐकू येईना. अप्पा ऐकत होते. वारा पडल्यावर त्या शांततेत ते म्हणाले, "पोदुम?"

शेवट वर उचललेला. सरळ सरळ प्रश्न. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी आणि आई, दोघी त्यांच्याकडे पाहत राहिलो, आणि काय विचारलं हे दोघींनाही कळलं नाही.

"त्यांना बांधावर नेऊ," आई म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "डॉक्टर हलवू नका म्हणाले होते."

"डॉक्टर इथे नाहीत. हे इथे आहेत."

आमचा कसणारा माणूस आणि त्याचे तीन भाऊ आले. त्याच्या स्वतःच्या झोपडीवर छप्पर उरलं नव्हतं, तरी आला. चौघांनी खाट खांद्यावर घेतली. आई ताडपत्रांची छत्री अप्पांच्या तोंडावर धरून बाजूने चालत होती. खाट खांद्यावर पाहून वाटेत दोन बायकांनी तोंडावर पदर घेतले. मग अप्पांचे डोळे उघडे आहेत हे पाहून त्या बाजूला झाल्या.

तळ्यातल्या निम्म्या बाभळी आडव्या झाल्या होत्या. पाण्यावर काटक्या, आणि काटक्यांमध्ये पांढरं पांढरं, जे जवळून पाहायची गरज नव्हती. माची नव्हतीच. उभ्या राहिलेल्या झाडांवर काही बगळे खांदे पाडून बसले होते. खाट बांधावर टेकवली. बऱ्याच वेळाने एका बगळ्याने पाण्यातून काटकी उचलली, फांदीवर नेऊन ठेवली. आणि तिथेच, अर्धवट भिजलेल्या पिसांनिशी, त्याने मान वर ताणली.

"अप्पा, पाहा! तिकडे, तिकडे!" मी बोट दाखवलं.

अप्पा माझ्या बोटाकडे पाहत होते, बोटाच्या पलीकडे नाही. बगळा त्यांच्या उजव्या हाताला होता. मी त्यांच्या डोळ्यांपुढून हात उजवीकडे नेला आणि एका ठिकाणी त्यांची नजर माझा हात हरवून बसली. परत डावीकडे आणला, सापडला. उजवीकडे, हरवला. डॉक्टरांनी अंग गेलं म्हटलं होतं, डोळ्यांचं कोणी काही बोललं नव्हतं. आणि घरी भिंत त्यांच्या डाव्या बाजूला होती, स्टूल उजव्या. ते तोंड भिंतीकडे फिरवत होते ते रागाने, कंटाळ्याने, की दिसेल त्या बाजूला वळत होते, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही माहीत नाही.

"खाट फिरवा," मी म्हटलं. "डोकं इकडे करा."

चौघांनी खाट उचलून फिरवली. आता बगळा डावीकडे आला. तो अजून तिथेच होता. खाली बसला, आणि पिसं उघडली, सगळी नाही, काही एकमेकांना चिकटलेली. अप्पांनी पाहिलं. एवढं मी शपथेवर सांगेन, त्यांनी पाहिलं. त्यांच्या तोंडाची जी बाजू हलत होती ती हलली, आणि अगदी हळू, जवळजवळ श्वासातच, ते म्हणाले, "पोदुम."

"नेऊ या," आई म्हणाली. "दमलेत. पुरे म्हणताहेत."

"नाही, आई. पुरेसं झालं म्हणताहेत. मिळालं म्हणताहेत."

"त्यांना थंडी वाजतेय. ओठ पाहा त्यांचे."

"थोडा वेळ राहू दे त्यांना. तो बगळा परत करेल."

"तुला तुझ्या बगळ्यांपुढे काही दिसत नाही!"

"माझे नाहीत ते बगळे!"

त्या बांधावर, चार परक्या माणसांसमोर, आम्ही मायलेकी अप्पांच्या अंगावरून भांडत होतो, ते काय बोलले यावर. मध्येच अप्पांनी डोळे मिटले. आमचा माणूस हळूच म्हणाला, "अम्मा, झोपलेत." मग आईचं ऐकलं गेलं. खाट उचलली. वळताना मी मागे पाहिलं, बगळा काटकी शोधायला पाण्यात उतरला होता.

अप्पा त्यानंतर संक्रांतीपर्यंत होते. दुसरा झटका झोपेतच आला. मी स्टूल दुसऱ्या बाजूला घ्यायला खाट भिंतीपासून ओढून घेतली होती आणि उरलेले सगळे कागद त्यांना डावीकडून दाखवले होते, सगळे धुराचे आणि ठिपक्यांचे. त्यावर ते पूर्वीसारखंच म्हणाले. मी अर्थ विचारणं सोडून दिलं होतं. डॉक्टरांना मी नंतर डोळ्यांचं सांगितलं, तर ते म्हणाले, "असं होतं कधी कधी," आणि छत्री उघडली.

कॅमेरा मी कुंभकोणमला नेला, पण दमट हवेने त्याच्या पडद्याला भोकं पडली. काचांपैकी एकच राहिली आहे. तिच्यात फांदीवर एक पांढरा ढग आहे. माझ्या मुली लहानपणी म्हणायच्या, इडलीच्या भांड्याची वाफ आहे.

वर्षश्राद्धाला आई म्हणाली, गावीच करू. आदल्या दिवशी दुपारी ती आपणहून म्हणाली, "चल, तळ्यावर जाऊन येऊ." एवढी वर्षं त्या घरी येऊन ती वादळानंतरची ती एक वेळ सोडून बांधावर कधी गेली नव्हती. आम्ही दोघी ओल्या गवतावर बसलो. बगळे त्या वर्षी थोडे होते, नव्या फुटलेल्या बाभळींवर. फार वेळ काही झालं नाही. मग एकाने मान ताणली आणि खाली बसून पिसं उघडली.

आईने पदर डोक्यावरून मागे सारला. "हे असंच करतात? रोज?"

"हंगामात रोज."

"कोणी पाहत नसलं तरी?"

"ती दुसरी पाहते ना."

आई त्या दुसऱ्या बगळीकडे पाहत राहिली. लक्ष नसल्यासारखी ती बगळी आपली पिसं चोचीने सारखी करत होती. "मला म्हणाले असते तर मी आले असते की," आई म्हणाली. "एकदा चल म्हणाले असते तर."

ऊन उतरलं होतं. उद्या ब्राह्मण जेवायला यायचे होते, डाळ भिजत घालायची राहिली होती. आई माझ्या खांद्यावर हात टेकून उठली आणि आम्ही घरी आलो.